गॅरेजची खोली आणि एफएआरचा हिशेब

गोव्यातल्या जुन्या घरांना बाल्कांव (दारापुढचा छपराखालचा ओटा) होता, सोपो (तिथली बसायची दगडी बैठक) होता, मागे पुढे अंगण होते, गॅरेज नव्हते. मुक्तीनंतर पर्वरी, ताळगाव, फोंड्याकडे बंगले वाढले तसे शटर आले. आज त्यातल्या कितीतरी शटरांमागे शिंपी बसतो, शिकवणी चालते किंवा पर्यटक उतरतात.

"आत काही बांधलेच नाही, मग परवाना कशाला?" असे घरमालक विचारतात. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात वापरातला ठळक बदल हादेखील विकासच मानला आहे. त्यामुळे नियोजन क्षेत्रात एक चिराही न लावता गॅरेजचे दुकान केले तरी परवानगी लागते. बाहेरच्या गावांत बांधकामाचा परवाना 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली मिळतो.

खरा घोळ एफएआरच्या, म्हणजे प्लॉटच्या किती टक्के क्षेत्रफळाचे बांधकाम सगळे मजले धरून करता येते त्या मर्यादेच्या, सवलतीने झाला. पार्किंगची जागा एफएआरमध्ये मोजायची नाही, असे धोरण आले आणि 2010 च्या राज्यभरच्या नियमावलीतही ते राहिले. गाड्या रस्त्यावर न राहता आवारात याव्यात, हा हेतू चांगला होता. पण मालकांनी सगळा एफएआर खोल्यांवर खर्च केला आणि गॅरेज फुकटात पदरात पाडून घेतले. समजा प्लॉट 400 चौरस मीटरचा आहे आणि एफएआर 60 टक्के. म्हणजे 240 चौरस मीटर बांधता येते. घर 235 चे झाले, गॅरेज 18 चे. मंजूर नकाशात ते 18 हिशेबाबाहेर असतात. तिथे खोली केली की ते हिशेबात येतात, बेरीज 253 होते आणि वर एका गाडीची जागाही कमी पडते. दंड भरून हे गणित सुटत नाही.

2016 च्या नियमितीकरण कायद्याने 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीच्या अनधिकृत बांधकामांना वाट दिली. सीआरझेड (किनाऱ्यालगतचा नियंत्रित पट्टा), वनक्षेत्र, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) वगळून. माझ्या मते तिथेच चूक झाली. त्या कायद्याचा रोख मालकी, तारीख आणि क्षेत्रफळावर राहिला. गाडी कुठे जाणार याचा विचार मागे पडला. म्हापसा-मडगावच्या अरुंद गल्ल्यांतून रुग्णवाहिका काढताना त्याचा त्रास होतो.

2025 मध्ये न्यायालयाने अनधिकृत बांधकामांवर कडक निर्देश दिले. त्यानंतर सरकारी व कोमुनिदाद (गावकऱ्यांच्या सामायिक मालकीच्या) जमिनींवरच्या घरांसाठी कायदे दुरुस्त झाले आणि सारी चर्चा तिकडे वळली. स्वतःच्या जमिनीत गॅरेजची खोली करू पाहणाऱ्याला मात्र आजही आधी एकच गोष्ट तपासावी लागते: मंजूर नकाशात एफएआर किती शिल्लक आहे.