पोट उसनं म्हणून शिंगरू क्लोन होत नाही

डिचोलीत शिगम्याला घोडेमोडणी बघत उभा होतो. कमरेला लाकडी घोडे बांधलेले गडी ढोलांच्या ठेक्यावर मागेपुढे होत होते. भाच्याने मोबाइल पुढे केला, "मामा, हा बघ घोड्याचा क्लोन! जन्म देणारी आई वेगळीच!"

बातमी राज-प्रथमाची होती. १९ मे २०२३ रोजी राजस्थानात जन्मलेलं, २३ किलो वजनाचं मारवाडी शिंगरू. भाड्याची आई खरी, पण क्लोन नव्हे.

राज-प्रथमाला बाप आहे. एका घोडीला गाभण केली, आठवडाभराने तिचं गर्भाशय द्रवाने धुऊन मोहरीहूनही लहान भ्रूण बाहेर काढलं आणि दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवलं. हे भ्रूण प्रत्यारोपण. अकरा महिने पोट दुसरीचं अडकतं, मूळ घोडी पोलो खेळायला मोकळी. शिंगरू मात्र आईबापांची सरमिसळच असतं, कसं निघेल ते नशीब. मानकुराद आंब्याचा बाठा दुसऱ्याच्या परसात रुजवण्यातलाच प्रकार.

क्लोन म्हणजे कलम. नावाजलेल्या घोडीच्या कातडीची पेशी घ्यायची, दुसऱ्या घोडीच्या अंड्यातलं केंद्रक काढून टाकायचं, ही पेशी त्यात बसवायची, विजेच्या हलक्या झटक्याने दोन्ही एकजीव करायची. बाप लागतच नाही. भ्रूण तयार झालं की ते उसन्या पोटात ठेवायचं. शेवटची पायरी दोन्हीकडे तीच, म्हणून हा घोळ.

पण आंब्याच्या कलमाइतकं ते सोपं नाही. इटलीत २००३ साली पहिलं क्लोन शिंगरू, प्रोमेतेया, जन्मलं तेव्हा ८४१ भ्रूणं घडवली होती. त्यातली २२ पुढे वाढली, १७ नऊ माद्यांत ठेवली, चार गाभण राहिल्या, एक व्याली. गंमत म्हणजे जिची पेशी घेतली तिनेच ते पोटात वाढवलं; म्हणजे बाईसाहेबांनी स्वतःच्याच जुळीला जन्म दिला!

शिवाय हुबेहूब म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे जनुक अंडं देणारीचे येतात, कपाळावरचा पांढरा टिळा जागा बदलतो. तरी २०१६ साली अर्जेंटिनाच्या आदोल्फो कांबियासो या पोलोपटूने पालेर्मोच्या अंतिम सामन्यात क्वार्तेतेरा या एकाच घोडीचे सहा क्लोन आलटूनपालटून वापरले आणि सामना जिंकला. मला मात्र २०२०चा कर्ट जास्त मोलाचा वाटतो. दुर्मीळ प्रझेवाल्स्की रानघोड्याच्या, १९८० साली गोठवून ठेवलेल्या पेशींपासून तो झाला. तिथे जिंकणं-हरणं नव्हतं, जात टिकवायची होती.

"मग रेसला पळवता येतील?" भाच्याचा प्रश्न. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या रेसमध्ये क्लोन आणि उसन्या पोटचं शिंगरू, दोघांनाही जागा नाही. तिथे नोंद हवी तर घोडा-घोडीची प्रत्यक्ष भेटच लागते, कृत्रिम रेतनसुद्धा चालत नाही.