दूरस्थ आभासी सर्व्हरवरील संपूर्ण डिस्क एन्क्रिप्शन

दूरस्थ आभासी सर्व्हरवरील संपूर्ण डिस्क एन्क्रिप्शन : भाड्याने घेतलेल्या आभासी सर्व्हरच्या डिस्कवरील कार्यप्रणाली, स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा), लॉग (नोंदी), डेटाबेस असे सारे काही एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, ठेवण्याची पद्धत. एन्क्रिप्ट केलेला लॅपटॉप सुरू होताना समोर बसलेला माणूस पासफ्रेज (लांब पासवर्ड) टाकतो. सर्व्हर दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये असतो आणि मध्यरात्री रीबूट झाला तरी त्याच्यासमोर कोणी नसते. या पद्धतीतली बहुतेक गुंतागुंत एवढ्या एका अडचणीतून आलेली आहे.

लिनक्समध्ये हे काम कर्नलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, डीएम-क्रिप्ट हा भाग करतो. २००४ मध्ये आलेल्या २.६.४ या कर्नलपासून तो उपलब्ध आहे. त्यावर लक्स ही किल्ल्या डिस्कवर ठेवण्याची ठरावीक मांडणी वापरतात. लक्समध्ये डिस्क पासफ्रेजने नव्हे, तर यादृच्छिक मुख्य किल्लीने एन्क्रिप्ट होते आणि पासफ्रेज फक्त त्या किल्लीला कुलूप लावते. त्यामुळे पासफ्रेज बदलताना सगळी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. लक्स १ मध्ये अशा ८ पासफ्रेज ठेवता येतात, लक्स २ मध्ये ३२ पर्यंत. कुलपाची ही सारी माहिती डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते. हेडर खराब झाला की पासफ्रेज तोंडपाठ असूनही उपयोग नाही, म्हणून त्याचा बॅकअप दुसरीकडे हवाच. मात्र तोही जपावा लागतो : पासफ्रेज बदलली तरी जुन्या बॅकअपातला हेडर जुन्या पासफ्रेजने उघडतो.

लक्स २ पासफ्रेज तपासताना अरगॉन२ ही मुद्दाम जड ठेवलेली गणनपद्धत वापरते आणि त्याला १ जीबीपर्यंत मेमरी लागू शकते. मोठ्या सर्व्हरवर तयार केलेली डिस्क लहान योजनेवर नेली, तर बरोबर पासफ्रेज देऊनही ती उघडेलच असे नाही. मेमरीची मर्यादा सुरुवातीलाच ठरवून देणे बरे.

पुरवठादाराने दिलेली कार्यप्रणालीची तयार प्रतिमा (इमेज) सहसा एन्क्रिप्ट केलेली नसते. म्हणून सर्व्हर आयएसओवरून (इन्स्टॉलेशनच्या डिस्कची फाइल) किंवा पुरवठादाराच्या रेस्क्यू प्रणालीतून (दुरुस्तीसाठीची तात्पुरती प्रणाली) सुरू करून डिस्क नव्याने विभागतात. सर्व्हर सुरू करणाऱ्या फाइलींचा बूट विभाग सहसा उघडा (एन्क्रिप्ट न केलेला) राहतो, बाकी सारे लक्समध्ये जाते. हे काम डेटा ठेवण्यापूर्वीच करावे. आधी उघड्यावर लिहिलेले ब्लॉक खालच्या साठ्यात रेंगाळू शकतात.

रीबूटनंतर पासफ्रेज ब्राउझरमधल्या कन्सोलवर टाकता येते, पण तेव्हा ती पुरवठादाराच्या यंत्रणेतून जाते. रूढ मार्ग ड्रॉपबेअरचा. हा छोटा एसएसएच सर्व्हर (दुरून सुरक्षित लॉगिन करू देणारा) इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्यापूर्वी मेमरीत चालणाऱ्या छोट्या प्रणालीत, बसवतात. डेबियन या लिनक्स प्रणालीवर त्यासाठी वेगळे पॅकेज आहे. आपली एसएसएचची सार्वजनिक किल्ली त्यात नोंदवून इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करायचे आणि रीबूटनंतर लॉगिन करून क्रिप्टरूट-अनलॉक ही आज्ञा द्यायची. नेटवर्क पत्ता आपोआप देणारी डीएचसीपी सेवा नसेल तर तो पत्ता कर्नल पॅरामीटरमध्ये लिहावा लागतो. तो चुकला की ड्रॉपबेअर नेटवर्कवर येतच नाही आणि कन्सोलशिवाय गत्यंतर राहत नाही. ड्रॉपबेअरची होस्ट किल्ली (सर्व्हरची ओळख पटवणारी) मुख्य एसएसएच सर्व्हरहून वेगळी असते, त्यामुळे क्लायंट दर वेळी 'किल्ली बदलली' असा इशारा देतो. तो डोळे झाकून पुढे ढकलण्याची सवय घातक आहे, कारण मध्ये कोणी शिरला तर कळण्याची खूण तीच. ड्रॉपबेअरला वेगळा पोर्ट दिला की दोन्ही किल्ल्या स्वतंत्र नोंदल्या जातात आणि हा गोंधळ मिटतो.

संरक्षणाची मर्यादा इथे स्पष्ट सांगायलाच हवी. भंगारात गेलेली डिस्क, बंद सर्व्हरचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत), पुरवठादाराकडचे डिस्कचे बॅकअप यांतला मजकूर सुरक्षित राहतो. सर्व्हर चालू असताना मात्र मुख्य किल्ली मेमरीत असते आणि ज्याच्या हाती हायपरवायझर (आभासी सर्व्हर चालवणारी यंत्रणा) आहे तो ती मेमरी वाचू शकतो. स्नॅपशॉटमध्ये मेमरीही टिपली असेल तर किल्ली त्यातच असते. उघड्या बूट विभागातले इनिटरॅमएफएस बदलून पासफ्रेज चोरता येते. ड्रॉपबेअरची खासगी होस्ट किल्लीही तिथेच उघडी पडलेली असते. एएमडीचे एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलचे टीडीएक्स ही प्रोसेसरमधली तंत्रे अतिथी यंत्राची (आभासी सर्व्हरची) मेमरीच एन्क्रिप्ट करतात. त्यांचा खरा उपयोग होण्यासाठी यंत्राची ओळख बाहेरून पडताळून पाहावी लागते.

माणसाविना रीबूट हवा असेल तर क्लेव्हिस (सर्व्हरवर) आणि टँग (नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्रावर) ही जोडी वापरतात : टँग सर्व्हर नेटवर्कवर सापडला तरच डिस्क आपोआप उघडते. तो त्याच पुरवठादाराकडे ठेवला तर संरक्षण बरेच पातळ होते. केवळ डेटाच लपवायचा असल्यास कार्यप्रणाली उघडी ठेवून डेटाचा विभाग तेवढा लक्समध्ये ठेवतात आणि नेहमीच्या एसएसएचने लॉगिन करून तो उघडतात. तेव्हा स्वॅप, लॉग आणि तात्पुरत्या फाइलींतून काय बाहेर पडते, हे वेगळे तपासावे लागते.