ऑटोपायलट सर्व्होचे नट-स्क्रू पक्के करणे (हौशी बांधणीची विमाने)

हौशी माणसाने किटमधून स्वतः बांधलेल्या विमानात ऑटोपायलटच्या सर्व्होच्या (विमानाची नियंत्रणे हलवणाऱ्या मोटरच्या) जोडण्या कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून केलेली तजवीज. अमेरिकेत अशी विमाने ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात मोडतात. ऑरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिका त्यांत विशेष लोकप्रिय आहे. महाराष्ट्राला हा छंद ठाऊक झाला तो मुख्यतः अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर बांधलेल्या विमानामुळे.

सर्व्होचा दंड, म्हणजे त्याचा फिरणारा आखूड हात, एका पुशरॉडने (ढकल-दांड्याने) थेट नियंत्रण यंत्रणेला जोडलेला असतो. त्यामुळे पायलट स्वतः विमान उडवत असला तरी दंड हलतच राहतो. इथला स्क्रू सुटून नुसता ऑटोपायलट निकामी झाला, तर थोडक्यात निभावले म्हणायचे. निखळलेला दांडा आडवा अडकला, तर एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) किंवा एलेव्हेटरच (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) जखडू शकतो. दंड मर्यादेपलीकडे फिरून उलटा अडकण्याचा धोकाही असतो, म्हणून काही सर्व्होंना अटकाव-पट्टी देतात.

आवळलेल्या बोल्टला जागेवर धरून ठेवते ते आट्यांमधले घर्षण. जर्मन अभियंते गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवले, की जोडलेले भाग बोल्टच्या अक्षाला आडवे सरकू लागले की हे घर्षण हरते आणि नट आपोआप उलटा फिरतो. अशा कंपनापुढे स्प्रिंग वॉशरचा फारसा उपयोग होत नाही. तरीही गॅरेजमध्ये त्याच्यावरचा विश्वास काही कमी होत नाही.

म्हणून जिथे बोल्ट स्वतः फिरण्याची शक्यता असते, तिथे नायलॉनचा नट (आतल्या नायलॉनच्या कड्याने आटे घट्ट धरणारा) न लावता कॅसल नट (खाचा असलेला) आणि त्या खाचांतून व बोल्टच्या भोकातून जाणारी कॉटर पिन लावतात. न फिरणाऱ्या जोडणीत नायलॉन नट चालतो. मात्र तो बोटांनी फिरू लागला की टाकून द्यायचा. डोक्याला भोक असलेल्या स्क्रूंना सेफ्टी वायर, म्हणजे ते फिरू न देणारी तार, बांधतात. साधारण ०.८ मिमी जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ देतात, आणि तिचा ओढा स्क्रू आवळण्याच्याच दिशेने ठेवतात. वापरलेली तार पुन्हा बांधत नाहीत.

आट्यांवर लावायचा लॉकटाइटसारखा चिकट द्रव हवा नसताना, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. आट्यांवर तेल राहिले, तर तो नीट धरत नाही. निळा प्रकार हातातल्या पान्याने सुटतो. लाल प्रकाराला बहुधा उष्णता द्यावी लागते आणि सर्व्होच्या इलेक्ट्रॉनिक्सशेजारी ती देणे शहाणपणाचे नाही. द्रव बेअरिंगमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या कनेक्टरवर ओघळू देऊ नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

नुसते करकचून आवळणे हा उपाय नव्हे. विमानांसाठीच्या एएन३ मापाच्या बोल्टच्या साध्या नटाला २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे जेमतेम २.३ ते २.८ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो. नायलॉन नटाचा स्वतःचा अडसर त्यात वेगळा मिळवावा लागतो. काही सर्व्होंमध्ये मुद्दाम कमजोर ठेवलेला शिअर स्क्रू असतो. सर्व्हो अडकल्यास पायलटने जोर लावताच तो तुटावा, हाच त्याचा उपयोग. त्याच्या जागी मजबूत पोलादी स्क्रू लावणारा पायलटची सुटकेची वाट बंद करतो.

पुशरॉडच्या टोकाला चेकनट (जोड फिरू न देणारा जादा नट) लागतो, आणि रॉड-एंडच्या, म्हणजे टोकावरच्या गोळा-बेअरिंगच्या, बाहेरच्या बाजूला मोठा वॉशर. बेअरिंगमधला गोळा निसटला तरी या वॉशरमुळे दांडा बोल्टवरून सुटत नाही.

शेवटी नट आणि पृष्ठभाग यांवर मिळून रंगाची रेघ ओढतात. रेघ काहीच धरून ठेवत नाही. नट फिरला, तर ती तुटलेली दिसते, एवढेच. अनेक आरव्हींमध्ये पिच सर्व्हो (एलेव्हेटर हलवणारा) सामानकप्प्याच्या मागे असल्याने ती बहुधा वार्षिक तपासणीत पडदा काढल्यावरच नजरेस पडते. त्याच वेळी दंड हाताने हलवून खेळ (ढिलेपणा) लागतो का, तेही पाहतात.