पार्श्वभूमी : 'रॉट', 'डिके' आणि 'डीकंपोज' यांच्या वाटा वेगळ्या कशा झाल्या

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'रॉट', 'डिके' आणि 'डीकंपोज' या तिघांसमोर साधारण तेच दोन शब्द दिसतात : सडणे, कुजणे. ते चूक नाही. पण इंग्रज माणूस अंड्याला 'रॉटन' म्हणतो, दाताच्या किडीला 'डिके' म्हणतो आणि पालापाचोळा 'डीकंपोज' होतो असं म्हणतो. आपणही दूध नासलं म्हणतो, सडलं म्हणत नाही. फरक कमी-जास्त सडण्याचा नाही. हे शब्द इंग्रजीत कुणाबरोबर आले, यात तो आहे.

'रॉट' सगळ्यांत जुना. 1066 मध्ये नॉर्मन इंग्लंडात उतरले त्याआधीपासूनचा, शेतातला आणि गोठ्यातला शब्द. मेंढ्यांच्या एका रोगाचं नावही नुसतं 'रॉट'च होतं. 'रॉटन' हे विशेषण मात्र तिथे वस्तीला आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांकडून आलं. दोन्हींना वास येतो.

'डिके' फ्रेंचमार्गे आला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'पडणे', म्हणजे हा शब्द घसरणीचा आहे, दुर्गंधीचा नाही. घरं, गावं, घराणी 'डिके' व्हायची. 'डिकेड जेंटलमन' म्हणजे कुळाने मोठा पण खिशाने रिकामा झालेला गृहस्थ. लंडनच्या चार्टरहाउसमध्ये 1611 साली थॉमस सटनच्या देणगीतून धर्मादाय संस्था उभी राहिली, ती अशाच परिस्थितीने खाली आलेल्यांसाठी. 'डेकडन्स', म्हणजे अधःपतन, हा त्याच धातूचा शब्द.

दोन्ही शब्द एकाच गावाला लागले की फरक उघडा पडतो. सफोकच्या किनाऱ्यावरचं डनविच हे एके काळचं भरभराटीचं बंदर समुद्राने थोडं थोडं करत गिळलं, तरी पार्लमेंटात तिथले दोन सभासद जातच राहिले. ओल्ड सॅरम नावाच्या टेकडीवर तर जवळजवळ कुणी राहतच नव्हतं, तिथूनही दोन. अशा मतदारसंघांना 'डिकेड' म्हटलं तर ती वस्तुस्थिती होती : गाव खालावलं. सुधारणावाद्यांनी 'रॉटन' म्हटलं ती शिवी होती : इथे मतं विकली जातात. 1832 च्या निवडणूक-सुधारणा कायद्याने हे मतदारसंघ गेले. इतिहासात शिवीच टिकली.

'रॉट'चा सर्वांत महागडा अध्याय जहाजांचा आहे. 1684 साली सॅम्युअल पेपिस आरमाराच्या कारभारात परतला, तेव्हा काही वर्षांपूर्वीच बांधायला घेतलेली तीस जहाजं जागच्या जागी कुजत होती. त्यांतून मुठीएवढ्या अळंब्या आपण स्वतःच्या हाताने खुडल्या, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे 1810 साली पाण्यात सोडलेलं 'क्वीन शार्लट' समुद्रावर कामगिरीला निघण्याआधीच बुरशीने पोखरलं. ती कसली बुरशी, हे बघायला जेम्स सॉवर्बी या निसर्गअभ्यासकाला बोलवावं लागलं. 'ड्राय रॉट' हे या दुखण्याचं नाव. नाव फसवं आहे, कारण बुरशीला ओल लागतेच. कोरडं दिसतं ते तिने खाऊन टाकलेलं लाकूड : तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, बोटांनी चुरलं तर भुगा होणारं.

जहाजांच्या ओक लाकडाची ही रड, शिवाय ओकचा तुटवडा, म्हणून आरमाराची नजर मुंबईकडे वळली. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागवानातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' 1817 साली पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. सागवानाच्या टिकाऊपणाला याहून वेगळं प्रमाणपत्र नको.

'डीकंपोज' हा अठराव्या शतकातला, रसायनशास्त्रज्ञांच्या हातचा शब्द. घटक सुटे करणे, एवढाच त्याचा अर्थ. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या काळात पाण्याचंसुद्धा असं विघटन झालं. सडण्याला तो नंतर लागला, आणि लागताना वास व किळस दोन्ही मागे ठेवून आला. म्हणूनच मातीचे अभ्यासक आणि न्यायवैद्यक तज्ज्ञ त्याला पसंती देतात. मांस, प्रेत अशा प्रथिनांच्या कुजण्याची दुर्गंधी सांगायची तर 'प्युट्रिफाय' आहेच.

विसाव्या शतकात 'डिके'ला नवं घर मिळालं. माँट्रियलला मॅकगिल विद्यापीठात अर्नेस्ट रदरफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाला दिसलं की थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणाऱ्या वायूची किरणोत्सारी क्रियाशीलता दर मिनिटाला साधारण निम्मी होत जाते. 1900 साली त्याने ते प्रसिद्ध केलं. पुढे फ्रेडरिक सॉडी हा रसायनशास्त्रज्ञ त्याला येऊन मिळाला. एक मूलद्रव्य दुसऱ्यात बदलतंय हे कळताच सॉडी 'ट्रान्सम्यूटेशन' म्हणून ओरडला, तेव्हा रदरफर्डने त्याला दटावलं : तो शब्द काढू नकोस, किमयागार समजून लोक आपली मुंडकी उडवतील. ही आठवण सॉडीनेच पुढे सांगितली. 'डिके'त तसला धोका नव्हता. त्यात फक्त उतरत जाणं होतं, आणि आलेखावरची रेषाही तशीच उतरत होती. मराठीत इथे ऱ्हास किंवा क्षय म्हणतात. थोरियम सडलं असं कुणी लिहीत नाही.