गिअरची नॉब काढली म्हणून गिअरबॉक्स जात नाही की!

आमच्या बेळगाव-खानापूरकडं हे लई वर्षं ऐकतोय, नॉब घरी काढली की गिअरबॉक्सचं काम निघतंय म्हणे. अहो, नॉब म्हंजे दांड्यावरची टोपी, गिअरबॉक्स खाली, बऱ्याच गाड्यांत तर लांब, मधे केबल नाहीतर रॉड, ऑइलचा थेंबबी सांडत नाही. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत ती आट्यांची असते, घड्याळाच्या उलट फिरवायची, गोंदानं अडली तर हेअर ड्रायरनं जरा गरम करा. काही नुसत्या दाबून बसवलेल्या, त्या सरळ वर ओढायच्या, खरं तोंड बाजूला ठेवून, माझा ओठ फुटलाय! नवी घेताना आटे बघा, १०×१.५ का १२×१.२५ (मिलिमीटरमधे, दांड्याची जाडी × दोन आट्यांतलं अंतर), चुकीची जबरदस्तीनं पिळली की दांड्याचे आटे गेलेच. ऑटोमॅटिकमधे नॉबला बटण असलं तर पिळायचंच नाही, आधी क्लिप का स्क्रू ते बघा.