ओवीच्या टोकाला ऐकू येणारा ‘टक्’

आमच्या घरात साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील घरात, जात्यापाशी बसून माझ्या आजीने म्हटलेल्या ओव्या तिच्यावर आहेत आणि त्या ओव्यांच्या मागे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शेजारच्या कारखान्यातील यंत्रमागांचा खडखडाट आहे. कॅसेट संगणकावर उतरवली तेव्हा तीस-तीस मिनिटांच्या दोन फाइली तयार झाल्या. पण आत्याला माहेरच्या ओव्या वेगळ्या हव्या होत्या, काकांना विठ्ठलाच्या. ऐकत ऐकत याद्या केल्या, तेव्हा एकूण ४१ तुकडे पाडावे लागतील असे दिसले. त्यांतील पहिले तीन मी माउसने हाताने कापले आणि तिन्ही तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ‘टक्’ असा बारीक आवाज ऐकू आला.

हा आवाज कॅसेटवर नव्हता, तो कापण्यातून जन्माला आला होता. संगणकातील ध्वनी म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग असते. सीडीच्या दर्जाने नोंद केली तर हवेच्या दाबातील चढउतार दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांमधील एका आकड्याने लिहिली जाते. या हिशेबाने कॅसेटची एक बाजू म्हणजे ७ कोटी ९३ लाख ८० हजार आकडे. आता ही रांग मधेच तोडली आणि तोडल्या जागी आकडा समजा ८,००० असला, तर स्पीकरच्या पडद्याला त्या उंचीवरून एका क्षणात शून्यावर यावे लागते. अशा अचानक उडीत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंतच्या साऱ्या कंप्रता (फ्रिक्वेन्सी) एकदम मिसळलेल्या असतात, आणि कानाला तेच ‘टक्’ म्हणून जाणवते.

यावर पहिला उपाय सुचतो तो शांत जागी कापण्याचा. ध्वनी ठरावीक पातळीच्या खाली किती वेळ राहिला हे पाहून शांतता शोधून देणारी साधने आहेत, आणि बंद खोलीतील भाषणासाठी ती उत्तम चालतात. आमच्या कॅसेटवर मात्र शांतता अशी नव्हतीच. आजी श्वास घ्यायला थांबली तरी धोटा थांबत नव्हता. पातळी खाली ठेवली तर साधनाला एकही विराम सापडेना, वर नेली तर आजीचे हळू म्हटलेले शब्दच शांतता म्हणून गणले जाऊ लागले. ओवी कोठे संपते हे शेवटी कानानेच ठरवावे लागले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

‘टक्’ घालवण्याचा खरा उपाय म्हणजे फेड. फेड म्हणजे गुणाकार. तुकड्याच्या आरंभीचे आकडे शून्यापासून एकापर्यंत चढत जाणाऱ्या गुणकाने गुणायचे आणि अखेरचे आकडे एकापासून शून्यापर्यंत उतरणाऱ्या गुणकाने. आरंभी २० मिलिसेकंद, म्हणजे अवघे ८८२ आकडे, एवढे पुरते. शेवटी मात्र मी पूर्ण एक सेकंद घेतला, कारण तेथे मागांचा आवाजही सावकाश विझायला हवा होता. गुणक सरळ रेषेत उतरवला तर पहिल्या अर्ध्या सेकंदात आवाज जेमतेम ६ डेसिबलने घटतो, ०.९ सेकंदापर्यंत २० डेसिबलने, आणि उरलेली सगळी घसरण शेवटच्या दशांश सेकंदात होते. कान पटींमध्ये ऐकतो, त्यामुळे आवाज रेंगाळून एकाएकी तुटल्यासारखा वाटतो. म्हणून दोन्ही टोकांना हळुवार वळणारी, ज्या-वक्राच्या (साइन) आकाराची उतरण मी निवडली. ध्वनी कापण्या-बदलण्याच्या एफएफएमपेग या मुक्त साधनात काहीच सांगितले नाही तर सरळ रेषा वापरली जाते. सॉक्स हे १९९१ पासूनचे साधन आपणहून लघुगणकी वक्र वापरते.

उरले काम हमालीचे होते, आणि ते शेल स्क्रिप्टकडे सोपवता येते. शेल म्हणजे संगणकाला टंकून दिलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे त्याला टर्मिनलच्या खिडकीत एकेक करून द्यायच्या आज्ञा ओळीने लिहिलेली साधी मजकूर-फाइल. दुसऱ्या एका फाइलमध्ये मी ४१ ओळी लिहिल्या : तुकड्याचे नाव, आरंभ, शेवट. स्क्रिप्ट एक ओळ वाचते, शेवटातून आरंभ वजा करून लांबी काढते, लांबीतून एक सेकंद वजा करून फेड कोठे सुरू करायचा ते ठरवते आणि हे आकडे एफएफएमपेगला देते. मूळ फाइलला कोठेही हात लागत नाही.

पहिल्यांदा चालवली तेव्हा स्क्रिप्टने एकच तुकडा कापला आणि ती निमूटपणे थांबली. कारण समजायला एक संध्याकाळ गेली. एफएफएमपेग चालू असताना, मधेच थांबवण्यासाठी कोणी कळ दाबते का, याकडे लक्ष ठेवून असते. कळफलक ज्या वाटेने येतो त्याच वाटेने माझी यादी येत होती, त्यामुळे उरलेल्या ओळी त्याने कळा समजून गिळून टाकल्या. त्या वाटेकडे पाहू नये अशी सूचना जोडताच यादी पुढे सरकली आणि सतराव्या ओळीवर पुन्हा अडली. तेथे आरंभ १२:०८ असा होता. बॅश हे शेल शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा समजते, आणि त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक असतात, ८ हा अंकच नाही. ०७ पर्यंतचे सेकंद बिनबोभाट चालतात, ०८ आणि ०९ तेवढे अडतात. बॅशला अपूर्णांकांचे गणितही येत नाही. म्हणून मिनिट-सेकंदांचा सारा हिशेब ऑक या छोट्या प्रोग्रामिंग भाषेकडे दिला आणि दोन्ही अडचणी एकदम मिटल्या.

तुकडे मी एमपी-३ मध्ये न ठेवता फ्लॅक या ध्वनिफाइलीच्या दुसऱ्या प्रकारात ठेवले. एमपी-३ मध्ये ध्वनी १,१५२ आकड्यांच्या, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत बांधलेला असतो आणि पुन्हा न उलगडता तो चौकटीच्या कडेलाच कापता येतो. फेडसाठी तर तो उलगडावाच लागतो, आणि परत बांधताना दर वेळी थोडा दर्जा जातो. फ्लॅकमध्ये एकही आकडा हरवत नाही. मोबाइलसाठीच्या एमपी-३ प्रती सर्वांत शेवटी काढल्या.

आत्याने सगळे तुकडे ऐकले आणि सांगितले की सतराव्या तुकड्यात ‘अगं’ म्हणण्यापूर्वी आजी जो श्वास घेते तो कापला गेला आहे. यादीत १२:०८ च्या जागी १२:०७.४ लिहिले आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. आता त्या तुकड्यात आधी माग ऐकू येतात, मग श्वास, मग ओवी.