पर्यायी शब्द आणि १९६२चा पदनाम कोश

एका अर्थाचे शब्द एकत्र गुंफण्याची चाल आपल्याकडे अमरकोशाइतकी जुनी. संस्कृत शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी तो पाठ केला. मराठीचे मोठे कोश मात्र अकारविल्हे निघाले: १८३१चा मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ची मुंबईत छापलेली वाढीव आवृत्ती, मग १९३२ ते १९३८मधले महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड. अर्थ मनात आहे पण शब्द सुचत नाही, अशा हौशी लेखकाला त्यांचा उपयोग बेताचाच.

त्याला आज अडवतो तो १९६२चा पदनाम कोश, मग त्याने तो पाहिलेला नसला तरी. नव्या राज्याचा कारभार मराठीत आणायचा, तर इंग्रजी हुद्द्यांना नावं हवी होती. रुळलेले फारसी वळणाचे शब्द ठेवायचे की संस्कृतातून घडवायचे? कौल बहुतांशी संस्कृतकडे गेला. चिटणीस जाऊन सचिव आला, कारकुनाचा लिपिक झाला. विरोधकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. समर्थकांचा युक्तिवाद असा, की संस्कृत शब्दाला उपसर्ग-प्रत्यय लावून कुटुंब उभं करता येतं: सचिव, उपसचिव, सचिवालय. पण चिटणिसाचीही चिटणिशी होतेच की! राजकीय पक्षांनी आणि गिरणगावातल्या कामगार संघटनांनी सरचिटणीस कधी सोडला नाही. कंटाळवाण्या कामाला आजही ‘कारकुनी’च म्हणतात, ‘लिपिकीय’ भेटतं ते नोकरभरतीच्या जाहिरातीत. आयुक्त, संचालक मात्र बेमालूम मिसळले, हेही खरं.

नुकसान झालं ते कचेरीबाहेर. परिपत्रकातून आणि वर्तमानपत्रांतून जड शब्द म्हणजेच शुद्ध मराठी हा समज घरोघरी पोचला. त्यापायी लालबागच्या चाळीतलं पात्र कथेत ‘उशीर’ सोडून ‘विलंब’ करू लागलं.

पुढे संगणक आला. पवईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल (वर्डनेट), म्हणजे अर्थानुसार शब्द जोडणारा संगणकीय कोश, तयार झालं, तेही आधी बांधलेल्या हिंदी शब्दजालाच्या आराखड्यावर. फोनवर आता समानार्थी शब्द चुटकीसरशी मिळतात. पण नुसत्या समानार्थी यादीत राग, कोप, तणतण शेजारी-शेजारी बसले, तरी कोणता कुठे शोभतो हे यादी सांगत नाही. कोप देवीचा होतो. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून होते ती तणतण.